अल्लीपूरचा सांबार

मिरजेच्या फलाटावरून गाडी हलली तेव्हा आमच्या यजमानांनी खिडकीतून शेवटचा उपदेश केला, "परक्या गावात नाटकं करू नकोस. पानात पडेल ते गुमान खा." चारचौघांत! समोरच्या बाकावरची बाई फिस्सकन हसली. मी खिडकीची झडप खाली ओढून घेतली.

नाटकं म्हणजे कोथिंबीर. मी कोथिंबीर खात नाही. खात नाही म्हणजे खाऊच शकत नाही. जिच्या नुसत्या वासाने सगळ्या जगाला भूक लागते, ती मला चिरडलेल्या ढेकणासारखी लागते. लहानपणी आईने चिमटे काढले, आत्याने उपाशी ठेवलं, सासूबाईंनी वाटून, तळून, आमटीच्या तळाशी दडवून पाहिली. प्रत्येक वेळी मी ओळखली. आमच्या वडिलांना आंब्याचा वास सोसायचा नाही, अख्खा मे महिना ते नाकाला धोतराचा सोगा लावून हिंडायचे. पण त्यांना कुणी नाटकी म्हटलं नाही, कारण ते हेडमास्तर होते. मी मात्र नाटकी. असो. मी सांगलीत मुलींच्या शाळेत पाककला शिकवते, आणि कोथिंबिरीवाचून स्वयंपाक उत्तम होतो हे वर्षानुवर्षं दाखवून देते आहे. त्याचा मला अभिमान आहे, लपवायचं कशाला?

ब्याऐंशीचा जानेवारी होता. वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरहून सुशीलाताईचं पत्र आलं होतं. पुण्याच्या एका शिबिरात तिची माझी दोन दिवसांची ओळख. शेतकऱ्याच्या घरची, गावच्या महिला मंडळाची अध्यक्षा, आणि बोलायला लागली की समोरच्याने गप्प बसावं अशी. मंडळाने पाककलेची स्पर्धा ठेवली आहे, परीक्षक म्हणून तुम्हीच या, असा तिचा हुकूम होता. वऱ्हाडी जेवणाबद्दल मी ऐकून होते. म्हटलं, चला, बघून येऊ.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला उतरले तेव्हा कोरडी, करकरीत थंडी होती आणि आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. बसस्टँडबाहेर एक पोहेवाला गाडी लावून उभा होता. इकडे पोह्यांवर तर्री (रश्श्यावरचा लालभडक तेलाचा तवंग) ओततात. ती मला चालली, नव्हे, फारच आवडली. पण तिच्यावर त्याने मूठभर कोथिंबीर भिरकावली होती. मी एकेक पान वेचून बशीच्या कडेला ठेवू लागले. पोहेवाला झारा हातात धरून बघत राहिला.

"बाई, पोहे खाले आल्या का निवडाले?"

"तुम्ही तुमचं काम करा," मी म्हटलं. त्याने हसत हसत आणखी एक पळी तर्री ओतली. हिशेब फिटला.

तेवढ्यात सुशीलाताई आलीच. माझी पिशवी हिसकावून घेऊन तिने मला लाल बसमध्ये कोंबलं, आणि बस शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना काळी माती, तुरीची उभी शेतं, आणि मध्येमध्ये कपाशी फुटून पांढरीशुभ्र. मी ऊसवाल्यांच्या मुलखातली, मला तो पांढरेपणा डोळ्यांत मावेना. एके ठिकाणी कापसाने गच्च भरलेल्या बैलगाडीचं चाक रस्त्याच्या कडेला रुतलं होतं. ड्रायव्हरने बस थांबवली, निम्मे उतारू उतरले, गाडी बाहेर काढली, हात झटकून परत जागेवर येऊन बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, विचारलं नाही. मला ती माणसं तिथेच आवडून गेली.

"स्पर्धा आज दुपारीच हाये," सुशीलाताई म्हणाली. "जेवाले देत नाई तुमाले. सात ताटं चाखाची हायेत, पोट रिकामं ठेवा. जिचा पयला नंबर येईन तिले बालवाडीतल्या पोरायचा खाऊ शिजवाचं काम भेटनार. उद्यापासूनच."

"मग गावातलंच कुणी परीक्षक का नाही नेमलं? मला एवढ्या लांबून कशाला?"

एरवी मोठ्याने बोलणाऱ्या सुशीलाताईने मागेपुढे बघितलं. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "आमच्या गावात एक पोरगी हाये, पंचशीला. तिच्यासारखा हात साऱ्या गावात नाई. पन काही बाया म्हनते, तिच्या हातचं आमचे पोरं नाई खानार. तिच्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, त्याच साली झाली थे. म्हनून नाव पंचशीला. समजलं ना?"

समजलं. न समजण्यासारखं काय होतं त्यात?

"म्हनून बाहेरची बाई पायजे होती. साऱ्यायच्या समोर तिनं खाल्लं, नंबर देला, मंग पाहू कोनाचं तोंड उघडते. पन तिचं ताट कोनतं थे मी नाई सांगनार. नंबर खरा लागला पायजे. पंचशीलाबी हेच म्हने, फुकटचा नंबर नको."

"मी कुणाच्याही हातचं खाते," मी ताठ बसून सांगितलं. "त्याची तुम्ही काळजीच करू नका."

तिचा चेहरा खुलला. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "अन् सांबार चालते ना तुमाले?"

मला आमच्या सांगलीचं उडप्याचं हॉटेल आठवलं. दर पगाराला आम्ही तिथे इडली-सांबार खायला जातो. "चालतं? अहो, सांबार म्हणजे माझा जीव की प्राण! वाटीभर द्या, वर आणखी मागून घेईन."

"वाटीभर? नुसता?"

"नुसतंच! पिते मी."

"पेता?" सुशीलाताईचे डोळे विस्फारले. "अवं माय! आमी तं वरून टाकतो फक्त." 

सांबार वरून टाकतात हेही मला नवलाचं वाटलं नाही. भातावर टाकत असतील, म्हटलं.

अल्लीपूर मोठं गाव. बसथांब्यापासून तिच्या घरापर्यंत निदान दहा जणींनी विचारलं, "आल्या का परीक्षकबाई?" मला चहा देऊन सुशीलाताई जी बाहेर पडली ती तासाभराने परत आली. कुठे गेली होती, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चार वाजता बालवाडीच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. गावातल्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. समोर लांबट टेबलावर सात ताटं, प्रत्येकासमोर एक ते सात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. जवळ जाऊन पाहिलं. सातही ताटं हिरवीगार! भरतावर कोथिंबीर, झुणक्यावर कोथिंबीर, कढीत कोथिंबीर. एका ताटात तर तिच्याखाली काय पदार्थ आहे तेच दिसेना.

"घ्या बाई," सुशीलाताई अभिमानाने म्हणाली, "साऱ्या घरी फिरून निरोप देल्ला. सांबार भरपूर टाकाले लावला."

"कुठाय सांबार?" मी वाटी शोधू लागले.

"हा काय!" तिने कोथिंबिरीवर बोट ठेवलं.

कपाळ माझं! इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. उभ्या आयुष्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी या बाईला सांगून बसले होते की मी तो वाटीभर पिते.

तिथल्या तिथे बोलून मोकळं व्हायला हवं होतं, हे आज कळतं. पण चाळीस बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि सांगलीची पाककलेची बाई भाजीच्या नावात फसली हे कबूल करायला माझी जीभ रेटेना. मी पाठमोरी होऊन रुमाल काढला. पहिल्या ताटातलं भरीत. वरचा हिरवा थर हळूच रुमालात, खालचा घास तोंडात. आहाहा! भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, कच्च्या जवसाच्या तेलाची धार, ठेचलेली मिरची. दुसऱ्यात गोळाभात, म्हणजे भातावर हरभरा डाळीचे वाफवलेले गोळे आणि कढत फोडणी. तोही वरून खरवडला. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. रुमालाचं गाठोडं होत चाललं. कढीतून पानं काढताना तर माझे हात एखाद्या खिसेकापूसारखे चालत होते.

सातव्या ताटात वड्या होत्या. सोनेरी तळलेल्या, एकसारख्या, पुड्यासारख्या दुमडलेल्या. वर हिरवं काही नाही. मी मनातल्या मनात हुश्श म्हटलं आणि एक वडी मोडली. आत ठासून कोथिंबीर. खसखस, खोबरं, तीळ सगळं होतं, पण त्यांना धरून ठेवायला कोथिंबीर, अर्धी मूठ. यातून काय काढणार आणि काय खाणार? वास थेट टाळूला भिडला. मी वडी ताटात परत ठेवली, घटाघटा पाणी प्यायले आणि परीक्षकाच्या आवाजात म्हटलं, "हे सातवं ताट मी सोडते."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

मग पुढच्या रांगेतली एक जाडजूड, कपाळभर कुंकवाची बाई, तिचं नाव कौसाबाई हे नंतर कळलं, मोठ्याने म्हणाली, "घ्या! सांगलीच्या बाईनंबी नाई खाल्लं. आमी म्हनत होतो तं आमी वाईट."

मागून निळ्या साडीतली एक शिडशिडीत, ताठ बाई उठली. पंचविशीची असेल. हीच पंचशीला, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. टेबलापाशी आली, खांद्यावरचं धुतलेलं फडकं काढून तिने सातव्या ताटावर पसरलं, चारी कोपरे नीट खोचले. "राहू द्या बाई," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

सुशीलाताईने माझ्याकडे बघितलं, आणि कुणी थोबाडीत मारावी तसं मला झालं.

"अहो नाही, नाही!" मी ओरडलेच. "तसं नाही हो! मला कोथिंबीर चालत नाही. हा तुमचा सांबार! मला खाताच येत नाही तो, लहानपणापासून!"

"वाटीभर पेते म्हने ना?" कौसाबाई म्हणाली. "साऱ्या गावाले निरोप आला."

"अन् सहा ताटातला कसा चालला मंग?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं. "सातव्यातलाच काऊन नाई?"

मी उघडी पडले. खरं बोलत होते आणि माझाच प्रत्येक शब्द मला खोटं पाडत होता. आता एकच उपाय. मी फडक्याकडे हात नेला. "द्या ते ताट इकडे. खाते मी. सगळ्या वड्या खाते."

पंचशीलाने ताट मागे ओढलं. "नाई," ती म्हणाली. "जिवावर आल्यासारखं खासान तं मले नाई पायजे. दयेचा नंबर मी घरी नेत नाई."

काय बाई होती! महिन्याचं पक्कं काम समोर आहे, आख्खं गाव बघतं आहे, आणि ही ताट धरून ताठ उभी. एवढ्या शरमेतही मला तिचं कौतुक वाटलं. आणि कौतुक वाटलं म्हणूनच माझी सगळी ऐट गळून पडली. मी पदराखालचा रुमाल काढला आणि टेबलावर उलटा केला.

भरताच्या तेलाने माखलेली, कढीने पिवळी पडलेली, झुणका चिकटलेली कोथिंबीर. ढीगच्या ढीग.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "माय वं! बाई सांबार चोरून राह्यल्या!" आणि मग अख्खं अंगण हसायला लागलं. मी तिथे उभी राहून सगळं सांगितलं. उडप्याचं हॉटेल, इडली, आमच्याकडे सांबार कशाला म्हणतात ते, आणि परीक्षक असून चोरासारखी पानं लपवली तेही. सुशीलाताई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. "अन् म्या तं रस काढून पेते समजली!"

पंचशीला हसली नाही. तिने तो ढीग बोटाने उलटापालटा करून पाहिला, मग सहा ताटांकडे पाहिलं. सहाही ताटं वरून सोललेली होती. "मी सकाळी पाटोडी केलती," ती सावकाश म्हणाली. "निरोप आला बाईले सांबार आवडते, तवा थे घरी ठेवली अन् घाईघाईनं ह्या वड्या केल्या. तुमच्यासाठी."

हे ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पाटोडी घेऊन ये," मी म्हटलं.

"दुसरं ताट चालत नाई!" कौसाबाई उठून उभी राहिली. "नियम हाये."

आता मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "नियम मी सांगते. सहा ताटं मी सांबार काढून खाल्ली. त्यांत तुमचंही असेल. मग सातवंही सांबार काढूनच खाणार. सगळ्यांना एकच नियम. यात दया कुठे आली?" शेवटचं वाक्य मी पंचशीलाकडे बघून बोलले.

साऱ्या बाया तिच्याकडे बघू लागल्या. तिने मान हलवली, "एकच नियम, मंग ठीक," आणि झपाझप चालत गेली. तिचं घर गावाच्या त्या टोकाला होतं. ती येईपर्यंत एकही बाई जागची उठली नाही, कौसाबाईसुद्धा.

पितळी डब्यातून तिने पाटोडी काढली. बेसन मसाल्यात शिजवून, ताटात थापून पाडलेल्या वड्या, आणि त्यावर ओतायला काळपट लाल रस्सा. वर काही नाही, नुसती खसखस. मी सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला. मी पाककलेची बाई आहे, मला उगीच वाहवा करता येत नाही. पण ती वडी इतकी मऊ होती की दातांची वाट बघत नव्हती, आणि रश्श्यात भाजलेलं खोबरं, लसूण, मिरी सगळं आपापल्या जागी होतं, कुणी कुणाच्या अंगावर नाही. मी दुसरी घेतली. तिसरी घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिखटाने की कशाने कोण जाणे. चौथी वडी संपवून मी रस्सा ताटलीतून ओरपला.

"पहिला नंबर, सातवं ताट," मी म्हटलं. "दुसरा नंबर, पहिलं ताट."

"नंबर खरा ना बाई?" पंचशीलाने विचारलं.

"खरा. माझ्या शाळेत मी कुणाला उगीच नंबर देत नाही."

"मंग घेते," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा हसली.

टाळ्या झाल्या, पण सगळ्यांच्या नाही. पहिलं ताट कौसाबाईचं होतं. दुसरा नंबर ऐकूनही तिने ते उचललं आणि दोघीतिघींना घेऊन चालती झाली. जाता जाता बजावून गेली, "नंबर देजा तुमाले देयाचा तं. आमचे पोरं नाई खानार." भरीत मात्र खरंच फर्मास होतं, ते मी नाकारणार नाही.

रात्री सुशीलाताईकडे बिनसांबाराचं जेवण झालं. तिच्या नवऱ्याने वांग्याची वाटी बाजूला सारली. जन्मात वांगं खाल्लं नाही म्हणे, आणि गावभर त्याची चेष्टा होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून मनापासून हसलो.

सकाळी बस धरायच्या आधी मी बालवाडीत गेले. पंचशीला चुलीवर मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळत होती. मुलं ओळीने बसली होती, पण ओळ मध्येमध्ये तुटलेली. कुंपणाबाहेर कौसाबाई दोन नातवंडांचे हात घट्ट धरून उभी होती, आत सोडत नव्हती, घरीही नेत नव्हती. फोडणी पडली, चर्र आवाज झाला, आणि लसणीचा वास अंगणभर पसरला.

"निम्मीच बसली," मी हळूच म्हटलं.

पंचशीलाने डाव (पळी) वर उचलला, कुंपणाकडे एकवार पाहिलं. "बसतीन," ती म्हणाली. "वास गेला ना त्यायच्यापर्यंत." आणि वाढायला लागली. परत कुंपणाकडे तिने पाहिलं नाही. मी सांगते, एवढ्या डौलाने पळी धरणारी बाई मी पुन्हा पाहिलेली नाही.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडत बसले. माझी नावड ही माझ्या जिभेची गोष्ट, ती मी जन्मभर मिरवली. पण त्या अंगणात मी कारण न सांगता ताट सोडलं, तेव्हा तीच नावड कौसाबाईच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि मला कळलंसुद्धा नाही. चार शब्द आधी बोलले असते तर पंचशीलाला ते ऐकावं लागलं नसतं. मिरज येईपर्यंत हेच डोक्यात घोळत होतं.

फलाटावर यजमान घ्यायला आले होते. पहिला प्रश्न, "नाटकं केलीस ना?" मी म्हटलं, "केली. आणि अल्लीपूरची पाटोडी खाऊन आले, तशी तुमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्ली नसेल."

कोथिंबीर मी अजूनही खात नाही, मरेपर्यंत खाणार नाही. पण आता कुणाच्याही घरी जेवायला गेले की पाटावर बसण्याआधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "कोथिंबीर तेवढी मला चालत नाही हो. तुमच्या हातचं बाकी सगळं चालतं." यजमान वैतागतात, म्हणतात, आल्या आल्या ही काय दवंडी पिटायची! पिटणारच. माझ्यासमोर कुणा बाईने आपलं ताट झाकून घ्यावं, हे मला पुन्हा बघायचं नाही.